इंडियानातील कोलंबस
अमेरिकेच्या इंडियाना राज्यातून मोटारीने जाणाऱ्या प्रवाशाने कोलंबस या लहानशा शहरी अवश्य थांबावे. १९४२ साली एलिएल सारिनेन यांनी येथे साधे, चौकोनी चर्च उभारले. महायुद्धानंतर शाळांची निकड भासली, तेव्हा कमिन्स इंजिन कंपनीचे जे. अर्विन मिलर यांनी युक्ती योजिली: नामवंत वास्तुशिल्पी नेमावा, त्याचे मानधन कंपनीचा न्यास देईल. पुण्यात १९६२ साली किर्लोस्करांशी भागीदारी करणारी कंपनी ती हीच. एलिएल यांचे पुत्र एरो यांनी योजिलेले १९२ फुटी शिखराचे चर्च त्यांच्या निधनानंतर, १९६४ साली पुरे झाले. परंतु २०२२ मध्ये तेथील उपासकमंडळ विसर्जित झाले आणि वास्तू सार्वजनिक ग्रंथालयाकडे गेली. वास्तू उभारते एक पिढी. ती नांदती ठेवणे हे पुढील पिढ्यांचे कर्तव्य होय.