आजींना विचारा, सुनेला नको

आम्ही उपकेंद्रातल्या सिस्टर. आज आमचीच एक चूक सांगायची आहे.

बीपीच्या गोळ्या न्यायला एक आजी सुनेबरोबर आल्या. आम्ही सगळं सुनेला सांगितलं आणि आजींना मोठ्यानं विचारलं, "समजलं ना?" त्यांनी मान डोलावली. पुढच्या महिन्यात बीपी वरचं १८०! चौकशी केली तर आजी गरगरेल त्याच दिवशी गोळी घेत होत्या. वाढलेलं बीपी बहुतेक वेळा अंगाला जाणवतच नाही, म्हणून गोळी रोज घ्यायची. हे सुनेला ठाऊक होतं, पण ती दिवसभर शेतात.

आता आम्ही "समजलं का?" विचारत नाही, त्याला सगळेच हो म्हणतात. "आजी, घरी गेल्यावर गोळी कधी घ्याल, सांगा बरं," असं विचारतो. उत्तर चुकलं तर आमचं सांगणं चुकलं असं धरून पुन्हा सांगतो. कमी ऐकू येणाऱ्यांशी ओरडून बोलू नका, ओरडण्यानं शब्द फाटतात. टीव्ही बंद करा, उजेडात समोर बसा, ओठ दिसू द्या, सावकाश बोला.

आणि एक. चांगलं बोलतं-चालतं म्हातारं माणूस एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलू लागलं, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, साखर उतरणं, काहीही असू शकतं. ताप नसला तरीही. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

लहान मुलांना "अजिबात दुखणार नाही" सांगू नका. सुई दुखते, मग पुढच्या वेळी ते मूल कुणावरच विश्वास ठेवत नाही. "थोडं टोचेल, आपण दहापर्यंत मोजू" म्हणा. अंगावर पिणाऱ्या बाळाला लस देताना पदराखाली घेतलंत तर ते कमी रडतं. आणि घरी "ऐकलं नाहीस तर सिस्टर सुई टोचेल" ही धमकी तेवढी बंद करा बाई, आम्हाला बघूनच पोरं पळतात!

वयात आलेल्या मुलीला आम्ही पाळीबद्दल विचारतो आणि उत्तर आई देते. म्हणून आईला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगतो. राग मानू नका. आई बाहेर गेली की मुलगी सांगते, रक्तस्राव किती होतो, कुठे दुखतं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मळमळते म्हणून फेकून दिली, हेही तेव्हाच कळतं. ती गोळी जेवणानंतर घ्यायची. शौचाला काळं झालं तर घाबरायचं नाही, लोहानं तसं होतं.

त्या आजींनी आता गोळ्यांची डबी चहा-साखरेच्या डब्याशेजारी ठेवली आहे. सकाळचा चहा झाला की गोळी. ही जागा त्यांनीच सुचवली, आम्ही नाही.