ड्रेन पाइपाचा घाम : काही रूढ समज आणि वस्तुस्थिती

मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या दमट हवेत, पावसाळा सुरू होऊन काही दिवस लोटल्यावर, वातानुकूलित शयनगृहाशेजारच्या दिवाणखान्यात फॉल्स सीलिंगवर पिवळसर डाग उमटू लागला, की घरमालक प्रथम प्लंबरास बोलावतो, मग वरच्या मजल्यावरील न्हाणीघराचा संशय घेतो, आणि अखेरीस एसी बसवणाऱ्या मिस्त्रीकडे ‘ड्रेन पाइप गळतो’ अशी तक्रार करतो. परंतु सीलिंगचा तुकडा उतरवून पाहिले असता नळी अखंड, सांधे शाबूत, आणि तरीही नळीच्या पोटाखाली टपोऱ्या थेंबांची रांग लागलेली, असे पुष्कळदा आढळते. हे पाणी नळीच्या आतले नसते, तर नळीभोवतीच्या हवेतले असते. खात्री करून घेण्यास कोरडे फडके पुरेसे आहे: नळी पुसून काही वेळ थांबावे, थेंब एखाद्या सांध्यापाशीच पुन्हा जमू लागले तर ती गळती, आणि लांबीभर सर्वत्र सारखे उमटले तर तो नळीला आलेला घाम. मिस्त्रीमंडळी त्यास घामच म्हणतात.

एसीतून पाणी येणे हाच मुळी यंत्राचा दोष आहे, अशी समजूत अद्याप पुष्कळांची आहे. वास्तविक 1902 साली ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने जी योजना आखली, तिचा हेतू माणसांना गारवा देणे हा नव्हताच. दमट हवेने कागद फुगून रंगांचे ठसे एकमेकांवर नेमके बसेनासे झाले होते, म्हणून हवेतील बाष्प आवरणे हा होता. पाणी काढणे हे या यंत्राचे जन्मसिद्ध काम आहे. दीड टनाच्या यंत्राची शीतकरणशक्ती सुमारे 5.3 किलोवॅट असते. दमट दिवशी तिचा तीस टक्के भाग बाष्पाचे पाणी करण्यात खर्ची पडला, असे धरले तरी ताशी दोन लिटरांहून काहीसे अधिक पाणी पन्हळीत उतरते. ते उतरते तेव्हा त्याचे तापमान साधारण 12 ते 15 अंश असते, आणि या थंडपणातच पुढील साऱ्या प्रकरणाचे मूळ आहे.

नळीभोवतालचे फोमचे आवरण वीज वाचवण्यासाठी किंवा आतले पाणी गार राखण्यासाठी असते, हा दुसरा समज, आणि तो निरुपद्रवी नाही. कारण जे पाणी शेवटी मोरीत किंवा गच्चीच्या पन्हळीत सोडून द्यायचे, त्याच्या गारव्याची मातब्बरी ती काय, असा हिशेब करून ठेकेदार खर्च वाचवण्याच्या यादीत पहिली काट या आवरणावरच मारतो. आवरणाचे प्रयोजन निराळे आहे. कोणत्याही हवेस एक ठराविक दवांक असतो, आणि त्या तापमानाखाली गेलेल्या पृष्ठभागावर तिच्यातील बाष्प पाण्याच्या रूपाने बसते. खोलीतील हवा 25 अंश व सापेक्ष आर्द्रता 55 टक्के असेल तर दवांक 15 अंशांच्या आसपास येतो. म्हणून एसी चालू असलेल्या खोलीत उघडी नळीसुद्धा फारशी ओली होत नाही. तीच नळी भिंत ओलांडून 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेच्या दिवाणखान्यात शिरली, की तिथला दवांक 26 अंशांवर असतो आणि नळी त्याहून दहा-बारा अंशांनी थंड असते. डाग गार खोलीत न पडता शेजारच्या, एसी नसलेल्या जागेत का पडतो, याचा खुलासा इतका सरळ आहे. आवरणाने एवढेच साधायचे असते की, त्याचा बाहेरचा पृष्ठभाग सभोवतालच्या हवेच्या दवांकापेक्षा उबदार राहावा.

म्हणून आवरणाची जाडी यंत्राच्या टनांवर ठरत नाही, ज्या हवेतून नळी जाते त्या हवेवर ठरते, आणि आर्द्रतेबरोबर ती ज्या वेगाने वाढते तो पाहण्यासारखा आहे. बाहेरून 20 मिलिमीटर व्यासाची नळी, आत 14 अंशांचे पाणी, बाहेर 30 अंशांची स्तब्ध हवा आणि चांगल्या प्रतीचा फोम, असे धरून ढोबळ गणित मांडले, तर 70 टक्के आर्द्रतेस सुमारे 6 मिलिमीटर जाडी पुरते, 80 टक्क्यांस 11 मिलिमीटर लागते, आणि 90 टक्क्यांस ती 20 मिलिमीटरांच्याही पुढे जाते. पुण्याच्या उन्हाळ्यात निर्धास्त चाललेली नळी कोकणात श्रावणात का ठिबकते, याबद्दल मिस्त्रीस कसूरवार धरण्यापूर्वी हे आकडे नजरेखालून घालावेत. सीलिंगच्या पोकळीतील कोंडलेली हवा 90 टक्क्यांपर्यंत जाऊ देऊन नुसती जाडी वाढवीत बसण्यापेक्षा त्या पोकळीत खोलीची हवा खेळती ठेवण्याची तजवीज करणे, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

चंदेरी, चकचकीत वेष्टनाची नळी अधिक उत्तम, हा समज तर दुकानदारांनीही उचलून धरलेला आहे. उन्हाचा ताप परतवायचा असेल तिथे चकाकीचा उपयोग खराच; परंतु घामाच्या बाबतीत ती उलट अपाय करते. आवरणाच्या पृष्ठभागास जी ऊब मिळते, तिचा मोठा वाटा आसपासच्या भिंती व छत यांच्याकडून प्रारणाने येतो. चकचकीत पृष्ठभाग तो वाटा झिडकारतो, परिणामी स्वतः अधिक थंड राहतो, आणि तेवढ्याच जाडीच्या काळ्या, निस्तेज आवरणापेक्षा लवकर ओला होतो.

जाडी योग्य असूनही नळी फसते, ती बहुधा वेष्टनाच्या छिद्रांमुळे. उष्णता अडवणारा पदार्थ खरे पाहता फोमच्या सूक्ष्म कोशांत कोंडलेली हवा हा असतो; ते कोश एकमेकांत उघडणारे असले, किंवा बाहेरची त्वचा फाटली, तर बाष्प आत शिरून थंड नळीपाशी पाणी होऊन बसते, आणि पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक उष्णता वाहून नेत असल्याने ओला फोम असून नसल्यासारखा होतो. चांगल्या नळीच्या रचनेत म्हणूनच बंद कोशांचा फोम, त्यावर सलग बाष्परोधक त्वचा आणि दोन्ही टोकांस ती त्वचा सांध्यावर चढवून बंद करण्याची सोय, या तिन्हींचा एकत्र विचार केलेला असतो. बसवताना मात्र प्लॅस्टिकच्या पट्ट्या इतक्या आवळल्या जातात की, पट्टीखाली दहा मिलिमीटरांचा फोम तीन मिलिमीटरांवर येतो, आणि नेमका तिथूनच पहिला थेंब सुटतो. पट्टीखाली फोमचा एक रुंद तुकडा घालून ती बेताने ओढली, तर हा प्रकार टळतो.

लवचीक नळी म्हणजे कशीही वळवावी, कुठूनही न्यावी, या समजाने जितके नुकसान केले आहे तितके दुसऱ्या कशाने क्वचितच केले असेल. ताशी दोन लिटर म्हणजे सेकंदाला जेमतेम अर्धा घनसेंटिमीटर पाणी. ते कोणत्याही दाबाशिवाय, केवळ उताराने जायचे असते. मीटरमागे एक सेंटिमीटर उतार असला तर 16 मिलिमीटर पोकळीची नळी याच्या कितीतरी पट पाणी सहज नेईल; म्हणून तुंबण्याचा दोष बहुधा नळीच्या अरुंदपणाकडे जात नाही, तिला पडलेल्या झोळाकडे जातो. झोळात पाणी साचते. लागोपाठ दोन झोळ पडले, तर दोन पाण्यांच्या मधली हवा कोंडून राहते, आणि ती पुढे लोटण्यास वरच्या बाजूस दोन्ही झोळांच्या खोलीइतकी पाण्याची उंची लागते. जवळजवळ आडव्या नेलेल्या नळीत पाच-पाच सेंटिमीटरांचे दोन झोळ असले, तर ही मागणी दहा सेंटिमीटरांपर्यंत जाते, आणि यंत्रातील पन्हळ स्वतः काही सेंटिमीटरच खोल असते. मग पाणी यंत्राच्या तोंडातून खोलीत उतरते. नळीचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवल्यासही हवेची वाट अशीच बंद होते.

लवचीकपणा आणि आवरण यांचा परस्परविरोधही रचनाकारास सोडवावा लागतो. जाड फोम नळीस ताठर करतो. जबरीने वाकवल्यास वळणाच्या बाहेरच्या अंगाला तो ताणून पातळ होतो आणि आतल्या अंगाला चुण्या पडतात. आतून बाहेरून वळ्या असलेली नळी वाकते झकास, पण प्रत्येक वळीच्या खोबणीत धूळ आणि जैविक चिकटा धरून राहतो. यावरचा उत्तम तोडगा म्हणजे आतली भिंत गुळगुळीत, तिच्याबाहेर चेंगरण्यास विरोध करणारे सर्पिल कडे, मग फोम, त्यावर त्वचा, आणि टोकांना पन्हळीच्या तोटीवर घट्ट बसतील असे बिनवळ्यांचे मऊ गळे. अशी नळी वळणापुरतीच वापरावी; लांब सरळ पल्ल्यासाठी फोम चढवलेली ताठ पीव्हीसी नळीच बरी, कारण तिला आधारांच्या मध्ये झोळ सहसा पडत नाही.

एसीचे पाणी शुद्ध असल्याने पिण्यास चालेल, हे मात्र साफ चूक आहे. ते हवेतील धूळ, बुरशी आणि जंतू बरोबर घेऊन येते. फरशी पुसण्यास किंवा कुंड्यांस ते खुशाल वापरावे. नळीच्या इमारतीबाहेरच्या भागास घामाकरिता आवरणाची निकड नसते, तिथे ऊन सोसणारा पदार्थ हवा. आणि उघड्या टोकात कुंभारीण माशी माती भरून घर करते, म्हणून त्यास जाळी लावावी.

सीलिंग बंद करण्याआधी यंत्राच्या पन्हळीत लिटरभर पाणी सावकाश ओतून ते दुसऱ्या टोकास सलग येते की थांबून थांबून, हे घरमालकाने स्वतः उभे राहून पाहावे. थांबून थांबून येत असेल तर कुठेतरी झोळ आहे. तो त्याच वेळी आधार वाढवून काढून घ्यावा.