न दिसणारे वजन

श्रोतेहो, गोफण फिरवणाऱ्या राखणदाराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. दगड जितका जोराने फिरवावा, तितकी दोरीवर ओढ जास्त. दोरी कच्ची असली, तर दगड सुटलाच म्हणून समजा.

आकाशातही हाच हिशेब. आपली आकाशगंगा ही अब्जावधी ताऱ्यांची एक दीर्घिका. अशा हजाराहून अधिक दीर्घिकांचा एक समूह कोमा तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी या शास्त्रज्ञाने तिथल्या दीर्घिकांचे वेग तपासले. ते निघाले सेकंदाला हजार किलोमीटरच्या घरात! एवढ्या वेगाच्या दीर्घिका केव्हाच पांगायला हव्या होत्या. दिसणाऱ्या ताऱ्यांची ओढ त्यांना धरून ठेवायला फारच तोकडी. मग ही दोरी कोणती? झ्विकी म्हणाले, तिथे न दिसणारे द्रव्य असले पाहिजे.

पुढे क्ष-किरणांच्या दुर्बिणींना अशा समूहांत तप्त वायू सापडला, ताऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त. तरीही हिशेब जुळेना. समूहामागून येणारा प्रकाश वाकतो. त्यावरून वजन काढले, तेही भारीच भरले. आज शास्त्रज्ञ मानतात, की विश्वातील द्रव्याचे सहा भाग केले, तर सुमारे पाच भाग हे कृष्णद्रव्य. ते कशाचे बनले आहे, हे मात्र अजून कोणत्याही प्रयोगशाळेच्या हाती लागलेले नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुले विचारतील, "न दिसणारे खरे कसे मानायचे?" त्यांना शेतावर न्या. वारा दिसत नाही. पण जोंधळा कोणीकडे किती झुकला, हे दिसते. त्या झुकण्यावरून वाऱ्याचा जोर सांगता येतो. झ्विकींनी केले ते एवढेच.