विमान कोण उतरवणार?

चेन्नईहून पूर्व किनाऱ्यालगतच्या रस्त्याने महाबलीपुरमकडे निघाले की वाटेत कोवलम हे कोळ्यांचे गाव लागते. केरळमधील सुप्रसिद्ध कोवलम निराळे, हे तामिळनाडूतील. रजा प्रवास सवलत घेऊन आम्ही सहकुटुंब दक्षिणेची सहल केली, तेव्हा एक संध्याकाळ तेथील वाळूवर घालवली होती. समुद्रावरून एक विमान जाताना दिसले आणि बरोबर आलेल्या भाच्याने विचारले, "मामा, पायलटला चक्कर आली तर विमान कोण उतरवणार?" मी उत्तर शोधत असतानाच त्याने ते देऊनही टाकले, "मी उतरवीन. कॉम्प्युटरवर रोज उतरवतो!"

मुलाच्या या आत्मविश्वासाचे आपल्याला हसू येते. परंतु मोठ्यांचेही फारसे वेगळे नसते. न्यूझीलंडमधील वैकाटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात काही जणांना विमान उतरवतानाची चार मिनिटांहूनही लहान चित्रफीत दाखवली होती. वैमानिकाचे हात नेमके काय करीत आहेत, हे तीत दिसतही नव्हते. तरीही ती पाहणाऱ्यांचा 'आपणही हे करू शकू' हा विश्वास वाढला!

कल्पनेचा उगम

प्रवाशाने विमान उतरवण्याची कल्पना लोकप्रिय झाली ती प्रामुख्याने पडद्यावरून. आर्थर हेली या लेखकाने १९५६ मध्ये कॅनडातील दूरचित्रवाणीसाठी एक नाटक लिहिले. अन्नातील विषबाधेने दोन्ही वैमानिक आजारी पडतात आणि एक प्रवासी विमान जमिनीवर आणतो, असे त्याचे कथानक होते. मात्र तो प्रवासी महायुद्धात लढाऊ विमाने चालवलेला माजी वैमानिक होता, हे बहुतेकांच्या स्मरणात राहत नाही.

प्रत्यक्षात असे काही घडले आहे काय? लहान विमानांच्या बाबतीत, होय. १० मे २०२२ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एक इंजिन असलेल्या सेसना कॅरॅव्हॅन विमानाचा एकमेव वैमानिक अचानक आजारी पडला. उड्डाणाचे प्रशिक्षण नसलेल्या प्रवाशाने रेडिओवरून मदत मागितली. नियंत्रण कक्षातील अधिकारी स्वतः उड्डाण प्रशिक्षक होते. त्यांच्या सूचनांबरहुकूम त्या प्रवाशाने विमान पाम बीचच्या धावपट्टीवर सुखरूप उतरवले. मोठ्या प्रवासी जेट विमानाच्या बाबतीत मात्र अशी एकही घटना नोंदलेली नाही.

अडचण कोठे आहे?

मोठे विमान उतरवणे म्हणजे केवळ शेवटच्या क्षणी चाके टेकवणे नव्हे. दक्षिणेकडून चेन्नईला येणारे विमान पस्तीस हजार फुटांवर असेल, तर त्याने सुमारे दोनशे किलोमीटर आधी, म्हणजे पुदुच्चेरीच्याही पलीकडे असतानाच, उंची सोडावयास आरंभ केला पाहिजे. पुढे टप्प्याटप्प्याने वेग घटवायचा, पंखांचे फ्लॅप उघडायचे, चाके बाहेर काढायची. अखेरच्या टप्प्यात साठेक टनांचे विमान ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर वेगाने, अवघ्या तीन अंशांच्या उतारावरून खाली येत असते. जमीन तीसेक फुटांवर असताना नाक हळुवार उचलावे लागते. घाईने उचलले तर विमान तरंगत पुढे जाते; उशिरा उचलले तर आदळते.

'स्वयंचलित यंत्रणा आहे ना?' असे कोणी विचारील. आहे, अनेक जेट विमाने स्वतःहून उतरूही शकतात. परंतु त्यासाठी विमानतळावर योग्य दिशादर्शक यंत्रणा लागते. शिवाय तिची वारंवारिता, उंची, वेग हे सारे कोणीतरी यथाक्रम भरावे लागते. नवख्या माणसापुढे शेकडो कळी आणि दिवे असतात. बोलण्यासाठी कोणते बटण दाबायचे, हाच त्याचा पहिला प्रश्न! हवामान स्वच्छ, इंधन मुबलक आणि रेडिओवर जाणकार मार्गदर्शक असेल, तर यशाची शक्यता शून्य नाही. मार्गदर्शनाशिवाय ती जवळजवळ नाहीच.

शिवाय आधी त्या कक्षात पोहोचायला हवे. सप्टेंबर २००१ मधील अमेरिकेवरील हल्ल्यांनंतर वैमानिक कक्षांचे दरवाजे भक्कम आणि कुलूपबंद झाले. १४ ऑगस्ट २००५ रोजी हेलिऑस कंपनीच्या विमानात हवेचा दाब घटून दोन्ही वैमानिक बेशुद्ध झाले. विमान स्वयंचलित यंत्रणेवर ग्रीसच्या आकाशात घिरट्या घालीत राहिले. उड्डाणाचे काही शिक्षण घेतलेला एक विमान सेवक अखेर त्या कक्षात पोहोचला. परंतु तोवर इंधन संपत आले होते. विमानातील १२१ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

नागपूरचा प्रसंग

मग आपण कोणाच्या भरवशावर बसतो? याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. २७ ऑगस्ट २०२१ रोजी बिमान बांगलादेशचे बोईंग ७३७ विमान मस्कतहून ढाक्याला निघाले होते. रायपूरच्या आसपास असताना कॅप्टन नौशाद अताउल कय्यूम यांना हृदयविकाराचा झटका आला. सहवैमानिकाने तत्काळ कोलकाता नियंत्रण कक्षाला कळवले. जवळच्या नागपूर विमानतळाकडे वळण्याचा सल्ला मिळाला आणि विमान तेथे सुखरूप उतरले. शंभराहून अधिक प्रवाशांपैकी कोणालाही इजा झाली नाही. कॅप्टन कय्यूम यांना मात्र वाचवता आले नाही. ३० ऑगस्टला नागपूरच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

या प्रसंगात 'चमत्कार' नव्हता आणि हेच त्याचे महत्त्व. सहवैमानिक हा मदतनीस नसतो, पूर्ण वैमानिकच असतो. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे दोनशे तासांचे उड्डाण आवश्यक असते. त्यानंतर त्या विशिष्ट विमानाचे वेगळे प्रशिक्षण. सहकारी अकस्मात निकामी झाल्यास काय करायचे, याचा सरावही करून घेतला जातो. दोनदा विचारूनही सहकाऱ्याकडून योग्य उत्तर आले नाही, तर तो अक्षम झाला असे मानून दुसऱ्याने विमानाचा ताबा घ्यावा, असा संकेत आहे. त्याला आसनावर मागे ओढून पट्ट्यांनी कसे बांधावे, प्राणवायू कसा द्यावा, हे विमानातील सेवकवर्गालाही शिकवलेले असते. अनेक कंपन्यांत तर दोन्ही वैमानिकांना एकच जेवण देत नाहीत. हेली यांच्या नाटकातील विषबाधेवर हा साधा उतारा!

दोन किल्ल्या

बँकेत काम करणाऱ्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. आपली तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने ती तपासायची. हा कोणावरचा अविश्वास नव्हे. माणूस आहे, तो आजारी पडेल, चुकेल, हे आधीच मान्य करण्याचे शहाणपण आहे.

म्हणूनच एक नवी चर्चा आपण सर्वांनी समजून घेतली पाहिजे. लांबच्या उड्डाणात काही काळ एकच वैमानिक कक्षात ठेवावा, असा विचार विमान उद्योगात पुढे आला आहे. युरोपीय हवाई सुरक्षा संस्थेच्या २०२५ मधील अभ्यासाने, सध्याच्या विमानांत त्यामुळे आजच्याइतकीच सुरक्षितता राहील असे म्हणता येत नाही, असा निष्कर्ष काढला. खर्च वाचवण्याचा मोह पुन्हा डोके वर काढील. त्या वेळी नागपूरची ती सकाळ आठवावी. दुसरे आसन रिकामे असते, तर काय झाले असते?

भाच्याला मी एवढेच सांगितले, "बाळा, विमान दुसरा पायलट उतरवील. तू पट्टा बांधून शांत बसायचे, हेच तुझे काम." तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "मग मी मोठेपणी दुसरा पायलटच होतो!"