बंदोबस्तातील तीर्थस्थान : विशाळगडाच्या निमित्ताने

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीपाशी सांगलीकडून येणारा रस्ता पुणे-बंगळूर महामार्गास मिळतो. सांगली, मिरज, इचलकरंजी आणि त्यांच्या पलीकडील कर्नाटकाच्या सीमाभागांतून विशाळगडाकडे जाणारा यात्रेकरू बहुधा याच फाट्यावरून पुढे जातो. पंचगंगेचा पूल ओलांडावा, कोल्हापूर मागे टाकून रत्नागिरीच्या रस्त्यास लागावे, बांबवडे व मलकापूर ही गावे घ्यावीत आणि मग पांढरेपाणी व गजापूरमार्गे गडाच्या पायथ्यास पोचावे, असा हा क्रम आहे. कोल्हापुरापासून गड सुमारे ७५ किलोमीटरांवर आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या महापुराने शिरोलीजवळ महामार्ग काही दिवस बंद पडला होता. पुराने अडविलेला रस्ता सर्वांना सारखाच अडवितो. मालमोटारीचा चालक, कारखान्यातील कामगार आणि नवस फेडावयास निघालेले कुटुंब यांत पाणी भेद करीत नाही. परंतु जुलै २०२४ मध्ये याच मार्गाचे पश्चिमेकडील टोक जेव्हा बंदोबस्तामुळे बंद झाले, तेव्हा अडविण्याचा प्रकार निराळा होता. पोलिसांच्या नाक्यास वाटसरूला काही विचारावे लागते. तो कोण, कोठला आणि कोणत्या हेतूने निघाला, हे कळल्यावाचून नाक्याचे काम चालत नाही. तीर्थयात्रेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. बंदोबस्त तीर्थस्थानाचे रक्षण करतो हे खरेच. परंतु त्याबरोबरच तो त्या स्थानाचे स्वरूपही पालटतो. हे परिवर्तन कसे घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. एका गडावरील दोन श्रद्धास्थाने

विशाळगडाचे जुने नाव खेळणा. १४५३ साली बहामनी सरदार मलिक-उत्-तुज्जार याच्या फौजेचा या परिसरातील जंगलात संहार झाला. पुढे महमूद गवानाने हा प्रदेश जिंकला. शिवाजी महाराजांनी १६५९ मध्ये हा किल्ला घेऊन त्यास विशाळगड हे नाव दिले. १६६० च्या जुलै महिन्यात सिद्दी जौहरच्या वेढ्यातून पन्हाळा सोडून महाराज ज्या गडाकडे निघाले, तो हाच. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे व बांदलांचे मावळे यांनी शत्रूस रोखून धरले व ते कामी आले. त्या खिंडीस लोक पावनखिंड म्हणतात. छत्रपती राजाराम महाराजांच्या निधनानंतर १७०० मध्ये त्यांच्या पत्नी अंबिकाबाई याच गडावर सती गेल्या. १७०२ मध्ये गड औरंगजेबाच्या हाती पडला. नंतरच्या काळात तो कोल्हापूर राज्यातील पंतप्रतिनिधींच्या जहागिरीत होता आणि १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी त्याची तटबंदी पाडून टाकली.

आज गडावर जाणाऱ्यांस दोन गोष्टी विशेषेकरून खेचतात. एक, बाजीप्रभू व त्यांचे बंधू फुलाजी यांच्या समाध्या. दुसरी, मलिक रेहान यांचा दर्गा. पहिल्या स्थानाची पवित्रता इतिहासस्मरणातून आलेली आहे. तेथे जाणारा काही मागावयास जात नाही. तो कृतज्ञता व्यक्त करावयास जातो. दुसऱ्या स्थानाची पवित्रता नवसातून आलेली आहे. मूल व्हावे, दुखणे बरे व्हावे, संसार सावरावा, अशी मागणी घेऊन तेथे माणसे जातात आणि मागणी पुरी झाली म्हणजे कंदुरी करतात. या नवसकऱ्यांत मुसलमान आहेत तसेच हिंदूही आहेत. ही दोन्ही प्रकारची माणसे एकाच रस्त्याने येतात, एकच दरी ओलांडतात आणि त्याच चढाने वर जातात. पुष्कळदा ती माणसे दोन नसून एकच असतात. समाधीपुढे हात जोडून तोच मनुष्य दर्ग्यातही जातो आणि आपण दोन वेगवेगळ्या कृती केल्या असे त्याला वाटत नाही.

२. सहअस्तित्व म्हणजे काय ?

या चित्रावरून येथे पूर्वी निर्भेळ ऐक्य नांदत होते, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. व्हिक्टर व एडिथ टर्नर यांनी १९७८ मधील आपल्या ग्रंथात यात्रेच्या काळी सामाजिक भेद विरघळून एक प्रकारचा सहभाव उत्पन्न होतो, अशी मांडणी केली. त्यापूर्वीच इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वारीवरील आपल्या ‘वाटचाल’ या लेखात एकाच दिंडीतील स्त्रियांच्या पंक्ती जातीनुसार वेगळ्या बसत, हे नोंदवून ठेवले होते. १९९१ मध्ये जॉन ईड व मायकेल सॅलनो यांनी संपादिलेल्या ग्रंथाने तर तीर्थक्षेत्र हे परस्परविरोधी अर्थांच्या स्पर्धेचे रिंगण असते, असेच प्रतिपादन केले.

महाराष्ट्राच्या अभ्यासकास अधिक उपयोगी पडणारे विवेचन रॉबर्ट हेडन यांचे आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील एक मुख्य उदाहरण अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील मढी येथील आहे. तेथील एकच स्थान कोणी कानिफनाथांचे म्हणून पूजितो, तर कोणी शाह रमजान यांचे म्हणून. हेडन यांच्या मते अशा ठिकाणची सहिष्णुता म्हणजे दुसऱ्याच्या श्रद्धेचा स्वीकार नव्हे. दुसऱ्यास हुसकावून लावणे शक्य नसते वा सोयीचे नसते, म्हणून त्यास चालवून घेतले जाते. आतून मात्र स्पर्धा चालूच असते.

हेडन यांचे म्हणणे बहुतांशी ग्राह्य आहे. तथापि त्यांत एक उणीव राहते. त्यांची दृष्टी स्थानाच्या मालकीवर व व्यवस्थेवर आहे. साधा नवसकरी तिच्या कक्षेत फारसा येत नाही. विश्वस्त, पुजारी, मुजावर व पुढारी हे स्पर्धा करतात. नवसकऱ्यास आपले गाऱ्हाणे ऐकणारे कोणी हवे असते. पीराचा धर्म कोणता, हा प्रश्न त्याच्यापुढे उभाच राहत नाही. ही अनिश्चितता म्हणजे अज्ञान नव्हे. अनेकांना एकत्र वावरू देणारी ती एक सामाजिक सोय आहे. बंदोबस्ताचा पहिला आघात होतो तो या सोयीवर.

३. जुलै २०२४ आणि त्यानंतर

विशाळगड १९९९ पासून राज्य संरक्षित स्मारक आहे. गडावरील अतिक्रमणांविषयीचा वाद बरीच वर्षे चालू होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुरातत्त्व विभागाने गडाच्या संरक्षित क्षेत्रात पशुबळी देण्यास मनाई केली. त्याविरुद्ध दर्ग्याच्या विश्वस्तांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. जून २०२४ मध्ये न्यायालयाने बकरी ईद व उरूस यांपुरती परवानगी दिली. मात्र बळी उघड्यावर वा सार्वजनिक जागी न देता खाजगी व बंदिस्त जागेतच द्यावा, अशी अट घातली.

१४ जुलै २०२४ रोजी अतिक्रमणे हटविण्याच्या मागणीसाठी गडावर मोर्चा नेण्यात आला. त्या दिवशी गडाच्या वाटेवरील गजापूर येथे जमावाने मुस्लिम वस्तीतील घरे, वाहने व मशीद यांची मोडतोड केली. दुसऱ्याच दिवशी प्रशासनाने गडावरील बांधकामे पाडण्यास प्रारंभ केला. भर पावसाळ्यात चाललेली ही कारवाई १९ जुलै रोजी उच्च न्यायालयाने थांबविली. दरम्यान प्रतिबंधात्मक आदेश लागू झाले आणि गडाकडे जाणे काही काळ सर्वांनाच बंद झाले. जून २०२५ मध्ये न्यायालयाने ईद व उरुसासाठी पुन्हा मागील वर्षीच्याच अटींवर परवानगी दिली.

या घटनाक्रमात एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. वाद गडाचा होता. परंतु १४ जुलैचा सर्वांत कठोर आघात सोसावा लागला तो वाटेवरच्या वस्तीला. तीर्थक्षेत्रासंबंधीचा संघर्ष क्षेत्रापुरता राहत नाही, तो यात्रामार्गावर पसरतो. म्हणून बंदोबस्ताची आवश्यकताच नाकारणे हा अभ्यासकाचा चैनीचा विचार होईल. ज्याच्या दारापुढून जमाव जावयाचा असतो, त्याच्या लेखी नाक्यावरचा शिपाई ही अडचण नसून आधार असतो. बंदोबस्त असावा की नसावा, हा वादाचा मुद्दाच नव्हे. तो कोणाचे रक्षण करतो आणि रक्षण करीत असता काय बदलून टाकतो, हे पाहिले पाहिजे.

४. बंदोबस्त काय बदलतो ?

पहिला बदल काळाचा. यात्रेचा काळ तिथीने वा चंद्रदर्शनाने ठरत असे. आता तो आदेशाच्या मुदतीने ठरतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमाखालील दंडाधिकाऱ्याचा आदेश दोन महिन्यांहून अधिक काळ टिकत नाही. राज्य शासनास तो आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढविता येतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या ३७ व्या कलमाखाली जमावास केलेली मनाई शासनाच्या मंजुरीवाचून पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही. येथे पंचांगाचाही एक भाग आहे. पावनखिंडीचे स्मरण बहुधा जुलैच्या १२-१३ तारखांस केले जाते. बकरी ईद मात्र सौर वर्षाच्या मानाने दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकते. २०२४ मध्ये ती १७ जूनला आली, २०२५ मध्ये ७ जूनला. अशा रीतीने दोन स्मरणांमधील अंतर कधी कमी, कधी अधिक होते आणि बंदोबस्ताचे वेळापत्रक त्यानुसार आखावे लागते. प्रतापगडावर अफझलखानाच्या कबरीभोवतालची बांधकामे २०२२ साली पाडली गेली तीही मोठ्या बंदोबस्तात, १० नोव्हेंबर या दिवशी, म्हणजे खानाच्या वधाच्याच तारखेस. तारीख येथे केवळ तारीख राहत नाही.

दुसरा बदल कृतीचा. कंदुरी म्हणजे वस्तुतः भोजन आहे. नवस फेडणारा इतरांस जेवू घालतो आणि त्या अन्नाच्या वाटपातच नवसाची पूर्तता असते. बंदिस्त जागेची अट सुव्यवस्थेच्या दृष्टीने समजण्याजोगी आहे. परंतु तिच्यामुळे बळी हा विधी भोजनापासून सुटा काढला जातो आणि एका समारंभाचे न्यायालयीन मुद्द्यात रूपांतर होते.

तिसरा बदल सर्वांत खोल, तो यात्रेकरूच्या ओळखीचा. बंदोबस्तास वर्गवारीवाचून चालत नाही. हा पर्यटक, हा इतिहासप्रेमी, हा दर्ग्याचा भक्त, हा आंदोलक, अशा कप्प्यांत माणसे घालावी लागतात. कायद्याचीही रीत तशीच आहे. गड हे स्मारक, दर्गा हे प्रार्थनास्थळ आणि घर हे अतिक्रमण वा मालमत्ता. प्रार्थनास्थळांविषयीचा १९९१ चा अधिनियम अशा स्थळांचे १५ ऑगस्ट १९४७ रोजीचे धार्मिक स्वरूप गोठवितो. पण प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली येणारी स्थळे त्याच अधिनियमाने वगळली आहेत. म्हणजे एकाच दगडी चौथऱ्यास तो स्मारक समजावा की प्रार्थनास्थळ, यावर त्याचे भवितव्य अवलंबून राहते. समाधी व दर्गा या दोहोंपुढे नतमस्तक होणाऱ्या नवसकऱ्यास मात्र कोणत्याच कप्प्यात जागा उरत नाही.

५. एक दूरचे उदाहरण

ही प्रक्रिया पूर्णत्वास गेली म्हणजे काय होते, हे पश्चिम किनाऱ्यावरील हेब्रॉन येथे पाहावयास मिळते. तेथील अब्राहामाचे दफनस्थान यहुदी व मुसलमान या दोघांसही पवित्र आहे. तेराव्या शतकापासून यहुद्यांना बाहेरील जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंतच जाण्याची मुभा असे. १९६७ मध्ये इस्रायलने तो प्रदेश ताब्यात घेतल्यावर त्यांना आत प्रवेश मिळाला. २५ फेब्रुवारी १९९४ रोजी एका यहुदी वसाहतवाल्याने नमाज पढणाऱ्या २९ जणांस गोळ्या घालून ठार केले. त्यानंतर वास्तूचे दोन भाग करण्यात आले. प्रत्येकास वेगळे दार व वेगळी तपासणी. आणि वर्षांतून दहा दिवस संपूर्ण वास्तू एका समाजास, दहा दिवस दुसऱ्यास. या व्यवस्थेने उपासना चालू राहिली हे नाकारता येत नाही. पण एका समाजाच्या मनुष्याने दुसऱ्याची प्रार्थना सहज पाहावी, हे तेथे उरले नाही.

विशाळगडाची स्थिती हेब्रॉनसारखी नाही. येथे परकीय सैन्याचा ताबा नाही, न्यायालये खुली आहेत, आणि नागरिक एकाच राज्यघटनेखाली आहेत. साम्य आहे ते दिशेचे. आरंभी तात्पुरती म्हणून केलेली विभागणी काही वर्षांनी रूढी होते, आणि पुढील पिढीस ती स्थानाची प्राचीन रीतच वाटू लागते.

६. अभ्यासकापुढील कार्य

या दृष्टीने आज करावयाचे काम नोंदीचे आहे. दर्ग्याचा इतिहास व गडाचा इतिहास यांवर पक्षोपपक्षांनी बरेच लिहिले आहे व लिहिले जाईल. नवसकऱ्याचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही. तो वर्तमानपत्रांत येत नाही आणि न्यायालयात पक्षकार म्हणून क्वचितच उभा राहतो. कोणत्या गावांतून, कोणत्या जातींतून व धर्मांतून माणसे येत. ती प्रथम कोठे थांबत. कंदुरीला कोणास बोलावीत. समाधीस व दर्ग्यास कोणत्या क्रमाने जात. आणि २०२४ नंतर त्यांपैकी कोणी येणे सोडले, याची माहिती आजच्या वृद्ध मंडळींकडून मिळू शकेल. शिरोली-हातकणंगले पट्ट्यातील कामगार वस्त्यांत व सीमाभागांतील खेड्यांत अशी कुटुंबे शोधणे विद्यार्थ्यांस अशक्य नाही. प्रश्न विचारताना मात्र नाक्यावरची वर्गवारी अभ्यासकाने आपल्या प्रश्नावलीत उतरवू नये. ‘आपण कोणत्या धर्माचे म्हणून येथे येता ?’ हा प्रश्नच उत्तर बिघडवून टाकतो. ‘येथे प्रथम कोणाबरोबर आलात ?’ हा प्रश्न अधिक फलदायी ठरेल.

अशा नोंदी हाती असल्या, तर बंदोबस्त उठल्यावर पूर्ववत् काय करावयाचे, हे प्रशासनास व न्यायालयासही कळू शकेल. त्या नसल्या, तर नाक्यावरील विभागणी हीच पुढे परंपरा म्हणून सांगितली जाईल.