आजी, आधी ९११ लाव!

आमचं सारं आयुष्य नर्सिंगमध्ये गेलं. आता निवृत्तीनंतर आम्ही नॉर्थ कॅरोलायनातील मॉरिसव्हिल गावी मुलाकडे राहतो. इथे आपल्याकडची पुष्कळ माणसं आहेत. संध्याकाळी चर्च स्ट्रीट पार्कात क्रिकेट चालू असतं आणि आमच्या वयाची मंडळी फेऱ्या मारतात. गप्पांचा विषय हमखास एकच: कोणाला किती स्टेंट बसले! म्हणून आज हृदयाविषयी चार शब्द.

मुलांनो, मूठ वळा बघू. तुमचं हृदय साधारण तेवढंच आहे. त्यात चार कप्पे. उजवी बाजू शरीरातून आलेलं अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठवते. तिथे प्राणवायू मिळाला की ते डाव्या बाजूला येतं आणि सर्व अंगभर जातं. झडपा रक्ताला मागे फिरू देत नाहीत. डॉक्टर नळी लावून 'लब-डब' ऐकतात, तो या झडपा मिटण्याचा आवाज. मोठ्या माणसाचं हृदय दिवसाला सुमारे १ लाख ठोके देतं आणि दर मिनिटाला जवळजवळ ५ लिटर रक्त फिरवतं.

पण आतून एवढं रक्त वाहत असूनही हृदयाच्या स्नायूला बाहेरच्या बारीक रक्तवाहिन्यांवर अवलंबून राहावं लागतं. तरुणपणापासूनच त्यांच्या अस्तरात चरबी साचू लागते, आणि ते दुखत नाही. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल तिला हातभार लावतात. एके दिवशी तो थर फुटतो, वर रक्ताची गुठळी धरते आणि पुढचा स्नायू मरू लागतो. हाच हार्ट अटॅक. ५२ देशांतली 'इंटरहार्ट' पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी, म्हणजे इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी, आल्याचं आढळलं.

एवढं सगळं ठाऊक असून आम्ही काय केलं, ते ऐका. गेल्या हिवाळ्यात रात्री जेवणानंतर आमच्या यजमानांना घाम सुटला, मळमळलं, जबडा दुखू लागला. छातीत कळ नाही. त्यांना मधुमेह आहे. आम्हीच म्हटलं, "पित्त झालंय, जरा पडा बघू." तेही म्हणाले, "उगाच पोरांना उठवू नकोस." दहा वर्षांचा नातू जागा होता. "आजी, आधी ९११ लाव!" म्हणाला, आणि आम्ही हलेपर्यंत त्यानेच लावला. गाडीवाल्यांनी घरातच कार्डिओग्राम काढून रुग्णालयाला कळवलं. पोहोचताच स्टेंट बसवला. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत." आम्ही खाली मान घातली.

१९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. पेशंट काही तासच जगला. त्या काळी हार्ट अटॅक आला की आठवडेच्या आठवडे बिछान्यात पडून राहायचं, यापलीकडे फारसं काही हाती नव्हतं. आज बंद रक्तवाहिनी लगेच उघडता येते, पण माणूस वेळेवर पोहोचला तरच!

तेव्हा लक्षात ठेवा. बायकांना आणि मधुमेह्यांना छातीत दुखेलच असं नाही. अचानक घाम, धाप, मळमळ, जबडा, पाठ किंवा हात दुखणं, विलक्षण थकवा, यांपैकी काहीही झालं तर काढे करत बसू नका, स्वतः गाडी चालवू नका. अमेरिकेत ९११, इस्रायलमध्ये १०१, महाराष्ट्रात १०८. रोज चाला, रक्तदाब आणि साखर तपासा, गोळ्या चुकवू नका. नारळाच्या रसातली आमटी सोडा असं आम्ही म्हणणार नाही. पण रोज नको, सणावारी करा.

आणि मुलांनो, आजी-आजोबा "काही नाही रे, पित्त आहे" म्हणाले तर त्यांचं ऐकू नका. फोन लावा. एवढ्या एका बाबतीत मोठ्यांचं न ऐकण्याची आमची परवानगी आहे.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.