हॉथॉर्नची लागवड आणि निगा

मे महिन्यात ब्रिटनच्या शेतांचे बांध पांढऱ्याशुभ्र फुलांनी भरून जातात, ते हॉथॉर्नमुळे. गुलाबाच्या कुळातलं हे झाड आपल्याकडच्या करवंदीच्या जाळीसारखं दाट आणि काटेरी. त्यामुळे कुंपणाला अगदी योग्य. मोकळं वाढू दिलं तर ते ८-१० मीटर उंच होतं.

लागवड नोव्हेंबर ते मार्च या काळात, पानगळ झालेली असताना करावी. उघड्या मुळांची रोपं स्वस्त पडतात. फक्त मुळं वाऱ्याने सुकू देऊ नयेत. कुंपणासाठी मीटरमागे ५ रोपं पुरतात. लावल्याबरोबर शेंडे निम्मे छाटले, की बुडापासून भरपूर फुटवे येतात. पाणी साचणारी जागा तेवढी टाळावी. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावं, बुंध्याभोवती गवत माजू देऊ नये.

फुलं येतात मागच्या वर्षीच्या फांद्यांवर. दरवर्षी सरसकट छाटणी केली तर फुलंही जातात आणि लाल फळंही. म्हणून दोन-तीन वर्षांनी एकदा, पक्ष्यांनी फळं खाऊन संपवल्यावर, फेब्रुवारीत छाटावं. मार्च ते ऑगस्ट फांद्यांत घरटी असतात. तेव्हा कात्री लावूच नये.

बियांपासून रोपं करायची तर धीर हवा. टणक बी रुजायला बहुधा दोन हिवाळ्यांची थंडी लागते. वाळूत मिसळून ते बाहेरच ठेवावं.

फांदी भाजल्यासारखी काळवंडली तर तो फायर ब्लाइट रोग असू शकतो. अशी फांदी निरोगी लाकडापर्यंत कापावी आणि हत्यारं निर्जंतुक करावीत. एवढी काळजी घेतली, तर हे झाड पुढच्या कित्येक पिढ्यांना साथ देतं.